अपिलातील अनामत

पैशाच्या हुकूमनाम्यावर अपील दाखल केले की वसुलीची दरखास्त आपोआप थांबते, ही समजूत पक्षकारांत कितीही रूढ असली तरी 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 41, नियम 5 नेमके उलट सांगतो. तहकुबी मागावी लागते, आणि ती देताना न्यायालय बहुधा रक्कम, सगळी वा अंशतः, अनामत भरावयास लावते. ही रक्कम कोर्टात नुसती पडून राहू नये म्हणून ती बँकेत मुदतठेवीत गुंतविण्याचा हुकूम मागून घेणे उभयपक्षी हिताचे. परंतु या साध्या अर्जाची आठवण, माझ्या मते, वकिलांपेक्षा पक्षकारानेच ठेवलेली बरी. जाबदाराला निकड असल्यास न्यायालयाच्या परवानगीने, पुरेसा जामीन देऊन, ती उचलता येते. मात्र अपिलात हुकूमनामा फिरला, तर कलम 144 अन्वये तीच रक्कम, प्रसंगी व्याजासह, परत करावी लागते.