जीभ घसरते की मन?

निवडणुका जवळ आल्या की आमच्या मराठी वृत्तपत्रांत एक वाक्य हटकून छापून येते : "अमुक नेत्याची जीभ घसरली." दूरचित्रवाणीवर तेच वाक्य पडद्याच्या तळाशी दिवसभर सरकत राहते. वाचक ते सकाळच्या चहाबरोबर वाचतो, हसतो किंवा चिडतो आणि पान उलटतो. मी पडलो पेशाने मराठीचा मास्तर. वाक्य दिसले की आधी त्यातला कर्ता शोधावयाचा, ही माझी जुनी खोड. या वाक्यातला कर्ता शोधू लागलो की मोठी गंमत वाटते. येथे कर्ता नेता नव्हेच; कर्ता आहे जीभ! नेता बिचारा षष्ठी विभक्तीत, नुसता संबंधापुरता उभा. पावसाळ्यात आमच्याकडे जांभ्या दगडाच्या पायरीवर शेवाळ धरते आणि कोणाचाही पाय सरकतो, तसाच जणू हा एक निसर्गाचा अपघात!

दुसऱ्या दिवशी जो खुलासा येतो, त्याचेही व्याकरण ठरलेले असते. "माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला." येथे कर्मणी प्रयोग, विपर्यास करणारा अदृश्य. "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो." येथे संकेतार्थ, म्हणजे भावना दुखावल्या नसतील तर दिलगिरी परत घेण्याची सोय! एकंदरीत चूक होते खरी, पण ती कोणी करीत नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ असता तर दिवाळीच्या फराळाबरोबर वाचून सोडून दिला असता. पण उमेदवाराचा कारभार दिसावयास पाच वर्षे लागतात; मत देण्यापूर्वी आपल्या हाती असते ते मुख्यतः त्याचे बोलणे. त्या बोलण्याचा अर्थ लावण्याचे कामही आपण मथळ्यावर सोपवले, तर मग पारख करावयाची कशाने?

आमच्या दारातले उदाहरण

दूर कशाला जा, आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलीच गोष्ट घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नारायण राणे यांची जनआशीर्वाद यात्रा कोकणातून चालली होती. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना १५ ऑगस्टच्या भाषणात स्वातंत्र्याला किती वर्षे झाली हे मागे वळून विचारावे लागले, असा राणे यांचा आक्षेप होता. २३ ऑगस्टला महाडला त्याविषयी बोलताना, आपण तेथे असतो तर कानाखाली लगावली असती, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. गुन्हे दाखल झाले. रत्नागिरीच्या न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, आणि २४ तारखेला संगमेश्वर तालुक्यातील गोळवली येथे पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. हातात जेवणाचे ताट असतानाचे ते दृश्य महाराष्ट्राने दिवसभर पाहिले. रात्री महाडच्या न्यायालयात जामीन झाला.

आता या प्रकरणाकडे जरा शांतपणे पहा. एकाच्या बोलण्यातल्या अडखळण्यावर दुसरा बोलला, आणि त्याचे बोलणे पहिल्यापेक्षा शतपटीने गाजले! त्या दोन दिवसांत कोकणी माणसाचे प्रश्न कोठे होते? जुलैअखेरच्या महापुरात चिपळूण बुडाले होते. त्याला जेमतेम महिना झाला होता. घराघरांतला चिखल अजून निघत होता. मुंबई-गोवा महामार्ग वर्षानुवर्षे रखडलेला होता आणि अटकेचा तो ताफा त्याच महामार्गावरून महाडला गेला. पण कॅमेऱ्याला रस्ता दिसला नाही; दिसली ती मोटार.

पुढे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हेच राणे रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघातून ४७,८५८ मतांनी निवडून आले. मतदारांनी त्या उद्गाराची क्षमा केली, की त्यांना तो आवडला, की ते तो विसरले, हे मतपेटी सांगत नाही. एवढे मात्र दिसते की, गाजलेल्या वाक्याने उमेदवार पडतोच असे नाही.

घसरण्याचे तीन प्रकार

माझ्या मते "जीभ घसरली" या एका गाठोड्यात आपण तीन निरनिराळ्या वस्तू बांधतो.

पहिली खरोखरीची घसरण. नाव चुकते, सन चुकतो, आकडा अडखळतो. अशी चूक कीर्तनकाराची होते, वकिलाची होते, वर्गात माझीही होते. तिच्यावर चार घटका हसावे आणि सोडून द्यावे.

दुसरी सवयीच्या वाक्याची घसरण. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. पत्रकारांशी हिंदीत बोलताना, मोठ्या शहरांत असे लहानसहान प्रसंग घडतच असतात, अशा अर्थाचे एक वाक्य ते बोलून गेले. ते एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातल्या संवादाची आठवण करून देणारे होते. शहर शोकात बुडालेले असताना हे वाक्य कोणालाही सहन होण्यासारखे नव्हते. १ डिसेंबरला त्यांचा राजीनामा झाला. मला भाषेचा विद्यार्थी म्हणून असे वाटते की, परक्या भाषेत बोलताना माणूस नवे वाक्य घडवीत नाही, तयार वाक्य उचलतो. आणि ते वाक्य कोठून आले आहे याचे भान त्याला त्या क्षणी राहत नाही. म्हणून अपराध नाहीसा होतो असे नाही. पण हेच गृहस्थ तासगावकडच्या साध्या घरातून वर आले. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि तंटामुक्त गाव मोहीम यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले होते. एका ओळीने ते सारे झाकले गेले.

तिसरा प्रकार मात्र घसरण नव्हेच. तेथे मनातले जनात येते. चौपाटीवरची २० नोव्हेंबर १९५५ ची सभा आठवा. मुंबई महाराष्ट्राला पाच हजार वर्षांत मिळणार नाही, असे स. का. पाटील त्या सभेत म्हणाले. काँग्रेस जिवंत आहे तोवर मिळणार नाही, असे मोरारजी देसाई म्हणाले. सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसे मेली. ही काय जिभेची चूक होती? नव्हे, ते मत होते आणि पूर्ण शुद्धीवर मांडलेले होते. म्हणूनच त्यावर लोक पेटून उठले ते योग्यच झाले. पाच हजार वर्षांचे ते भविष्य साडेचार वर्षांतच निकालात निघाले; १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. मात्र लोकांनी नुसते वाक्य धरून ठेवले नव्हते. वाक्यामागचा प्रश्न धरून ठेवला होता. आचार्य अत्र्यांच्या लेखणीने त्या पुढाऱ्यांची जी काही रेवडी उडवली, तिच्याही पाठीशी एक मागणी उभी होती.

वाक्य राहिले, पाणी गेले

आणि आता काय होते? २०१३ चा उन्हाळा दुष्काळाचा. उजनी धरणात पाणी सोडावे म्हणून सोलापूरकडचा एक शेतकरी मुंबईच्या आझाद मैदानात उपोषणाला बसला होता. त्याच्यासंबंधी बोलताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातील सभेत जे बोलले, ते घरच्या सर्व मंडळींच्या हाती जाणाऱ्या या अंकात छापण्याजोगे नाही. विधिमंडळात गदारोळ झाला. त्यांनी क्षमा मागितली, आपल्या राजकीय जीवनातली ही सर्वांत मोठी चूक असे म्हटले, आणि १४ एप्रिलला कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. त्या क्षमेत चूक कोणाची हे तरी स्पष्ट होते, हे मान्य केले पाहिजे.

मी मध्यंतरी वर्गात हा विषय काढला. ते वाक्य सर्वांच्या तोंडी होते. घटना घडली तेव्हा ही मुले लहान होती. पण भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या तुकड्यांनी ते त्यांच्यापर्यंत पोचवले होते. मग मी विचारले, "धरण कोणते? शेतकऱ्याचे मागणे काय होते? पाणी सुटले का?" वर्ग गप्प. अपमान लक्षात राहिला. ज्याचा अपमान झाला तो आणि त्याची तहान, दोन्ही पुसून गेली. मला याचे फार वाईट वाटले. त्या शेतकऱ्यावर अन्याय एकदा सभेत झाला आणि दुसऱ्यांदा आपल्या स्मरणात.

सगळा दोष वार्ताहरांच्या माथी मारणे सोपे आहे. माझा एक जुना विद्यार्थी आज तालुक्याच्या गावी वार्ताहर आहे. त्याचे म्हणणे असे की, नळपाणी योजनेची बातमी पाठवली तर आतल्या पानावर चार ओळी येतात; जीभ पाठवली तर पहिले पान मिळते. पहिले पान कोण ठरवतो? संपादक म्हणतो, वाचक. म्हणजे फिरून आपणच!

याच भागातून, जुन्या राजापूर मतदारसंघातून, १९५७ पासून बॅ. नाथ पै निवडून जात, आणि त्यांच्यामागून १९७१ पासून प्रा. मधु दंडवते. या दोघांची भाषणे ऐकावयास लोक गावोगावहून चालत येत, असे आमचे वडीलधारे सांगतात. घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित व्हावा, म्हणून नाथ पै यांनी १९६७ मध्ये लोकसभेत विधेयक मांडले होते. त्याची आठवण किती घरांत आहे? चांगले बोललेले विरते आणि वाईट बोललेले उरते, असा हा उलटा न्याय आहे.

सबंध भाषण वाचणारा न्यायाधीश

या रोगावर औषध शोधू गेल्यास तेही आमच्या गावच्याच माणसाच्या खटल्यात सापडते. रत्नागिरीच्या टिळक आळीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या लोकमान्यांनी १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगर येथे स्वराज्यावर मराठीत भाषणे केली. सरकारी लघुलेखकाने ती टिपून घेतली. त्यांतले उतारे राजद्रोही ठरवून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून एका वर्षाच्या सद्वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांची बाजू बॅ. जीना यांनी मांडली. मुंबई उच्च न्यायालयात न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला. न्या. बॅचलर यांची दृष्टी अशी की, भाषण सबंध वाचावे, त्याचा सरळ अर्थ घ्यावा, कोणाच्याही बाजूने ओढाताण करू नये, आणि सुट्या शब्दावर नव्हे तर एकूण परिणामावर निर्णय द्यावा.

परक्या सरकारच्या न्यायाधीशाने आपल्या सरकारच्या सर्वांत मोठ्या विरोधकाला जो न्याय दिला, तो आपण आपल्याच उमेदवारांना देऊ नये काय? याने सगळेच सुटतील असे मात्र नाही. चौपाटीवरचे भाषण सबंध वाचले तरी सुटणार नाही. ज्याच्या तोंडून तुच्छता पुन्हा पुन्हा बाहेर पडते, तो तर सबंध वाचल्यावर अधिकच उघडा पडेल.

तेव्हा पुढल्या निवडणुकीत असा मथळा दिसला की घरच्या मंडळींनी तीन प्रश्न विचारावेत. त्याच्या आधीचे आणि नंतरचे वाक्य काय होते? बोलणे कोणाविषयी होते, आणि त्या माणसाच्या मूळ प्रश्नाचे काय झाले? हा उमेदवार असे प्रथमच बोलला, की नेहमीच बोलतो? उत्तरे मिळाली तर मग खुशाल राग धरा. तो राग मतपेटीपर्यंत टिकेल.

आणि वृत्तपत्रकार मित्रांना या मास्तराची एक विनंती. "जीभ घसरली" हे वाक्य काही दिवस पेटीत ठेवा. त्याऐवजी "अमुक नेते असे म्हणाले" एवढेच लिहा, आणि काय म्हणाले ते पुरते छापा. कर्ता आपल्या जागी परत आला की त्याची जबाबदारीही त्याच्यापाशी परत येईल.