बोटीवरचं इस्पितळ आणि पंधरा दिवसांचे पाहुणे

लॉइड ट्रिएस्टिनो या इटालियन कंपनीची ‘व्हिक्टोरिया’ ही प्रवासी बोट १९५३ पासून इटली ते हाँगकाँग अशा फेऱ्या करायची आणि वाटेत मुंबईला लागायची. विलायतेला निघालेल्या कित्येकांनी त्या काळी मुंबईचा किनारा मागे पडताना पाहिला, तो अशाच इटालियन बोटींच्या कठड्यापाशी उभं राहून. पुढे १९६७ साली सुएझ कालवा बंद पडला, जेट विमानं स्वस्त होत गेली, बोटीच्या प्रवासाचे दिवस सरले. १९७८ साली व्हिक्टोरियाला गिऱ्हाईक मिळालं ते ना जहाज कंपनीचं, ना भंगारवाल्याचं. ‘यूथ विथ अ मिशन’ या ख्रिस्ती संघटनेतल्या काही तरुणांनी सुमारे १० लाख डॉलरला ती विकत घेतली. त्यांना तिच्यात इस्पितळ काढायचं होतं.

आता ही मंडळी कोण, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो आयुष्य वाहून टाकणारा माणूस. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले, १८९४ साली त्यांनी मिरजेला इस्पितळ उभं केलं, आणि निवृत्त होऊन गेले ते थेट १९२८ साली. बोटीने यायलाच आठवडे लागत असत, तेव्हा पंधरा दिवसांसाठी येऊन जाण्याचा विचार कुणाच्या मनातही आला नसता. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि विमानांनी हा हिशेब बदलला. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर हा अमेरिकन विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन, ट्रकमध्ये धर्मपुस्तकं भरून मेक्सिकोला गेला. १९६० साली लॉरेन कनिंगहॅमने ‘यूथ विथ अ मिशन’ काढली. जन्मभराचं मिशन उन्हाळ्याच्या सुटीत मावायला लागलं.

आणि मग लोंढाच सुरू झाला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांचा अंदाज असा की, या शतकाच्या पहिल्या दशकात एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख चर्चसदस्य अशा छोट्या परदेशी फेऱ्या करत होते. चर्चमधली पोरं एकसारखे टी-शर्ट घालतात, शेजाऱ्यांच्या गाड्या धुऊन आणि केक विकून वर्गणी जमवतात, होंडुरास नाहीतर हैतीला जातात, शाळेला रंग देतात, मुलांना गाणी शिकवतात आणि दहाव्या दिवशी विमानतळावर एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. उत्साहाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. तो रंग पुन्हा कोण देणार, हा प्रश्न मात्र राहतो.

तो प्रश्न सर्वांत खरमरीतपणे विचारला तो एका पाद्र्यानेच. इव्हान इलिच हा कॅथलिक धर्मगुरू. मेक्सिकोत सेवेला जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांनी १९६८ साली त्याला भाषणाला बोलावलं आणि त्याने यजमानांचीच हजेरी घेतली. पाहुणे म्हणून या, शिकायला या, पण उपकार करायला येऊ नका, हा त्याचा रोख होता. पुढे कुर्ट व्हर बीक या अभ्यासकाने त्याच शंकेला आकडे जोडले. १९९८च्या मिच चक्रीवादळाने होंडुरासमध्ये हजारो घरं पाडली, तेव्हा ती बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चचे गट धावले. विमानाची तिकिटं आणि राहणंखाणं धरून अशा गटाला एक घर पडलं सुमारे ३० हजार डॉलरला. स्थानिक संस्थेला तेच घर २ हजारांत बांधता येत होतं. घरात राहायला गेलेल्यांना दोन्हींत फरक जाणवला नाही. होंडुरासमध्ये गवंडी काही कमी नव्हते.

इथेच विषय मिटला, असं वाटेल. पण गवंडी सापडतो तिथे परका गवंडी नेणं वेगळं, आणि अख्ख्या प्रांतात जबड्याची शस्त्रक्रिया करणारा एकही माणूस नाही तिथे सर्जन नेणं वेगळं. जगात सुमारे ५ अब्ज माणसांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असं ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१५ साली सांगितलं. ५ अब्ज! म्हणजे शस्त्रक्रिया सहज मिळणारे आपल्यासारखे लोकच जगात अल्पसंख्य आहेत.

तर, व्हिक्टोरिया. डॉन स्टीफन्स आणि त्याची पत्नी डेयॉन हे या वेडाचे धनी. इस्पितळ-जहाजाची कल्पना नवी नव्हती. ‘एसएस होप’ नावाचं अमेरिकी जहाज १९६०पासून चौदा वर्षं देशोदेशी फिरलं होतं. पण ती मनावर घ्यायला त्यांना घरचंही कारण होतं. स्टीफन्स दांपत्याचा एक मुलगा जन्मतः गंभीर अपंगत्व घेऊन आला होता, आणि डॉन कोलकात्याला मदर तेरेसांनाही भेटून आला होता. व्हिक्टोरियाचं नाव आता ‘अ‍ॅनास्टॅसिस’ झालं, म्हणजे ग्रीक भाषेत पुनरुत्थान. हे पुनरुत्थान काही येशूसारखं तिसऱ्या दिवशी झालं नाही. बोट ग्रीसमध्ये दुरुस्तीला गेली आणि पैशाअभावी १९८२ पर्यंत तिथेच अडकली. त्या कडकीच्या दिवसांत एकदा मासे आपणहून उड्या मारत किनाऱ्यावर आले, असं ही मंडळी सांगतात. ऐकणाऱ्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावं.

ग्रीसने त्यांना आणखी एक अनुभव दिला. एका किशोरवयीन मुलाला बायबलचा ‘नवा करार’ दिल्यावरून स्टीफन्ससह तिघांवर धर्मप्रसाराचा खटला भरला गेला. १९८४ साली शिक्षाही झाली. १९८६ साली अपिलात ते सुटले. धर्मांतराच्या आरोपाचे खटले आपल्याला ओळखीचे, पण इथे फिर्यादी बाजूला होता एक ख्रिस्ती देश.

जहाजावरच्या वॉर्डात प्रार्थना होते, गाणी होतात, ते कुणी लपवत नाही. उपचार मात्र रुग्णाचा धर्म पाहून होत नाहीत. ही जहाजं चालवणाऱ्या संस्थेचं नाव ‘मर्सी शिप्स’. तिच्या आजच्या जहाजांपैकी एकाने, ‘ग्लोबल मर्सी’ने, २०२२ साली पहिलं काम सुरू केलं ते सेनेगलची राजधानी डाकारमध्ये, आणि सेनेगलमध्ये दहांतले नऊहून अधिक लोक मुसलमान आहेत.

पण जहाजच कशाला? मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. जमिनीवर इमारत बांधणं स्वस्त, आणि ती हलतही नाही. उत्तर नकाशात आहे. डाकार, कोनाक्री, फ्रीटाऊन, मनरोव्हिया, लोमे: पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची राजधानीची शहरं, आणि सगळी बंदरं. शिवाय मोठी शस्त्रक्रिया म्हणजे नुसता सुरीचा हात नव्हे. अखंड वीज लागते, स्वच्छ पाणी, प्राणवायू, निर्जंतुक अवजारं, रक्त, सीटी स्कॅन, आणि यंत्र बिघडलं तर ते उघडून बसणारा माणूस. यातली एक गोष्ट नसली तर बाकीच्या असून उपयोग नाही. जहाज हे सगळं पोटात घेऊनच येतं. शस्त्रक्रिया भर समुद्रात होत नाहीत. बोट महिनोन्‌महिने धक्क्याला बांधलेली असते. निघायची वेळ आली की इस्पितळातली खाटन्‌खाट आवळून बांधली जाते.

अ‍ॅनास्टॅसिसनंतर आलेल्या ‘आफ्रिका मर्सी’ची कथा तर आणखी गमतीची. ती मूळची डेन्मार्कची ‘ड्रोनिंग इंग्रिड’, १९८० साली बांधलेली आगगाड्या वाहणारी बोट. रेल्वेचे डबे थेट तिच्या पोटात शिरायचे आणि सामुद्रधुनी ओलांडायचे. १९९७ साली तिथे रेल्वेचा पक्का मार्ग झाला आणि बोट बेकार झाली. मग जिथे डबे उभे राहत, त्या डेकवर पाच शस्त्रक्रियागृहं आणि सुमारे ८० खाटांचे वॉर्ड बसवले गेले. ती कामाला लागली त्याच वर्षी, २००७ साली, आपली जुनी व्हिक्टोरिया गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला आली.

आत काय चालतं, ते एकाच आजारावरून पाहू. अमेलोब्लास्टोमा ही जबड्यातली गाठ. दाताचं कठीण आवरण घडवणाऱ्या पेशींच्या गोतावळ्यातली, सहसा कर्करोग नसलेली. पुण्या-मुंबईत ती वाटाण्याएवढी असतानाच दंतवैद्याच्या एक्स-रेत सापडते. जिथे एक्स-रेच नाही तिथे ती वर्षानुवर्षं वाढते. हाड फुगतं, अंड्याच्या टरफलाइतकं पातळ होतं, दात वाटेल त्या दिशेला सरकतात, जीभ मागे रेटली जाते. गाठ शरीरात पसरत नाही, नुसती जागा व्यापत जाते, आणि शेवटी घास गिळता येत नाही किंवा श्वास घेता येत नाही. माणूस उपासमारीने किंवा गुदमरून जातो. तत्पूर्वी गाव त्याला शापित ठरवून मोकळं झालेलं असतं.

अशा माणसाला उताणं निजवून भूल दिली, तर गाठ मागे पडते आणि श्वासाची वाट तिथल्या तिथे बंद होते. म्हणून भूलतज्ज्ञ उलटा क्रम धरतो. रुग्ण जागा, बहुधा बसलेला. नाक आणि घसा औषधाच्या फवाऱ्याने बधिर केलेला. नाकपुडीतून पेन्सिलीहूनही बारीक, लवचीक दुर्बीण हळूहळू आत जाते. पडद्यावर गुलाबी भिंती, मग स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात. त्या उघडताच दुर्बीण आत, आणि तिच्यावरून सरकवलेली नळी श्वासनलिकेत. ती पक्की बसल्यावरच झोपेचं औषध. मग सर्जन गाठीसकट जबडा काढतो आणि टायटॅनियमची पट्टी जबड्याच्या घाटाची वाकवून उरलेल्या हाडाला स्क्रूने बसवतो. काही महिन्यांनी कमरेचं हाड घेऊन तिथे नवा जबडा भरायचा असतो.

‘काही महिन्यांनी’ या शब्दांपाशी आपला मूळ प्रश्न येऊन उभा राहतो. कारण पहिली शस्त्रक्रिया करणारा सर्जन बहुधा दोन-चार आठवड्यांची रजा काढून आलेला असतो. त्याला पगार नाही. उलट विमानाचं तिकीट त्याचं, आणि बरीच वर्षं जहाजावरच्या खोलीचे आणि जेवणाचे पैसेही त्यानेच भरायचे असत. खोली म्हणजे काय, तर एकावर एक बाकडी. आफ्रिका मर्सीवर अंघोळ दोन मिनिटांत उरकायचा दंडक. नर्स, स्वयंपाकी, वीजतंत्री, कप्तान सगळ्यांना पैशांचा हाच नियम होता. पैसे भरून राबायला येणाऱ्यांची रांग लागायची, याचं मला अजून नवल वाटतं. पण रजा संपली की तो जाणारच.

मग रुग्ण कुणाच्या भरवशावर? इथे होंडुरासच्या घरांपेक्षा वेगळी मांडणी दिसते. पंधरा दिवसांचे लोक येतात-जातात, पण कप्तान, मुख्य अभियंता, वॉर्डांची घडी बसवणारे अनेकजण वर्षानुवर्षं राहतात. त्यांची मुलं जहाजावरच्याच शाळेत शिकतात. जबड्याचे सर्जन डॉ. गॅरी पार्कर १९८०च्या दशकात काही महिन्यांसाठी अ‍ॅनास्टॅसिसवर आले आणि तीन दशकांहून अधिक काळ उतरलेच नाहीत. संसारही जहाजावरच. शस्त्रक्रियांचं वेळापत्रक सर्जनच्या रजेप्रमाणे नव्हे, तर जखम भरायला किती दिवस लागतात त्यावरून आखतात. वाकड्या पायांची मुलं मुक्कामाच्या सुरुवातीला घेतात, कारण प्लास्टर आणि व्यायामाला महिने लागतात. शिवाय दुभाषे. फ्रीटाऊनला रुग्ण बोलतो क्रिओ, तेम्ने किंवा मेंदे. यातलं फारसं नर्सला कळत नाही. पगारावर घेतलेली स्थानिक माणसं मधे नसतील, तर दुखतंय कुठे इथपासून सगळं अडेल. माझ्या मते या जहाजावरचं सर्वांत महत्त्वाचं पद हेच, आणि छायाचित्रांत सर्वांत कमी दिसणारंही तेच.

नकारही द्यावे लागतात. तपासणीला लांबून लोक येतात, आणि ज्यांची गाठ पसरणाऱ्या कर्करोगाची निघते त्यांना परत पाठवावं लागतं, कारण त्यानंतरचे महिनोन्‌महिन्यांचे उपचार जहाज देऊ शकत नाही. संस्थेने अशा रुग्णांच्या घरी जाऊन वेदना कमी करणारं एक पथकही चालवलं आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या बापाला तो ‘नाही’ कसा सांगायचा, हे कुठल्याही चर्चच्या तयारीवर्गात शिकवता येत असेल असं वाटत नाही.

बरीच वर्षं रीत अशी होती की एका देशात साधारण दहा महिने काढायचे आणि पुढच्या वर्षी दुसरा देश गाठायचा. म्हणजे अखेर जहाजही पाहुणंच, फक्त लांबच्या मुक्कामाचं. अलीकडे ही रीत सैल होते आहे. चीनमध्ये बांधलेली, १७४ मीटर लांबीची, सहा शस्त्रक्रियागृहांची ग्लोबल मर्सी २०२३ साली सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन बंदरात आली आणि पुढच्या वर्षी परत तिथेच लागली. तिच्यावर स्थानिक डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि नर्स यांच्या शिक्षणासाठी खास वर्ग आहेत. टायटॅनियमची पट्टी घेऊन घरी गेलेल्या माणसाला कमरेचं हाड बसवून घ्यायला त्याच धक्क्यावर पुन्हा येता येतं. सर्जन बहुतेक वेगळा असतो, दुभाषा तोच असू शकतो.