शू-शीचा ताबा: कोणत्या वयात काय?

जन्मतः मूत्राशय भरले की आपोआप रिकामे होते, दिवसाला वीसेक वेळा. भरल्याची जाणीव साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास येते.

पायावर बसवणे: ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या घरांत आई किंवा आजी पाय पसरून बसते, दोन्ही पावलांवर बाळाला टेकवते आणि ‘शूऽऽ’ म्हणते. बाळ शू करते ती आवाजाच्या सवयीने. शू रोखून धरण्याचा ताबा पुढे येतो.

तयारीची खूण: दोन तास कोरडे राहणे, उकिडवे बसता येणे, चड्डी स्वतः ओढणे, ‘शू आली’ सांगणे.

क्रम: बहुधा आधी शीचा ताबा, मग दिवसा शूचा, शेवटी रात्रीचा. दिवसाचा ताबा बहुतेकांना 4 वर्षांपर्यंत.

मूत्राशयाची क्षमता: वयात 2 मिळवून 30ने गुणा. 4 वर्षांच्या मुलाची सुमारे 180 मिलिलिटर.

रात्रीचे अंथरूण: 5व्या वर्षी सुमारे 15 टक्के मुले ओले करतात. त्याआधी हा आजार मानत नाहीत. मुलग्यांत प्रमाण जास्त. आईवडिलांना लहानपणी त्रास असेल तर शक्यता वाढते. मूल हे मुद्दाम करत नाही. मारल्याने, लाजवल्याने ते थांबत नाही.

पाणी: भातसा, तानसा धरणे शहापूर तालुक्यात, तरी उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर टँकर येतो. मूल पाणी कमी प्यायले तर शी घट्ट होते, आतड्याचा दाब मूत्राशयावर येतो, चड्डी ओली होते.

डॉक्टरांना दाखवा: सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, लघवीला जळजळ, सतत ठिबकणे, अति तहान. अंगणवाडीतील मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणी होते. तिथेही सांगता येते.