नझूलच्या जागेवरील फ्लॅट

वर्ध्यात फ्लॅटचा इसार देण्यापूर्वी आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी जागेची आखीव पत्रिका पाहावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. धंद्यातून उरलेली सारी पुंजी त्यात जाते. विदर्भातील शहरांत बरीच जमीन नझूलची, म्हणजे सरकारी, बहुधा 30 वर्षांच्या पट्ट्याने दिलेली असते. घर आपले, भुई सरकारची!

खरा घोळ होतो तो एकच इमारत दोन भूखंडांवर असल्यास. समजा, पुढचा भूखंड मालकीचा, मागचा पट्ट्याचा. दाखवली जाते पुढचीच पत्रिका. परंतु इमारतीच्या घोषणापत्रात दोन्ही भूखंड धरले असतील, तर प्रत्येक फ्लॅटधारकाचा अविभक्त हिस्सा दोन्हींत येतो. पुढचा फ्लॅट घेतला म्हणून सुटका नाही. तेव्हा दोन्ही पत्रिका मागाव्यात. पट्ट्याची मुदत, थकलेले भुईभाडे, शर्तभंगाची नोंद आणि हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते काय, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

निवासी नझूल जमीन मालकीची, म्हणजे भोगवटादार वर्ग 1 ची, करून घेता यावी म्हणून सरकारने 2024 साली नागपूर व अमरावती विभागांसाठी विशेष अभय योजना काढली. असे रूपांतर करायचे झाल्यास पैसे बिल्डरने भरायचे की फ्लॅटधारकांनी, हे करारनाम्यातच लिहून घ्यावे.