वजन हरपलेल्या भट्टीतला स्फटिक
वितळलेल्या अर्धवाहकाचा तापलेला भाग वर चढतो, गार भाग खाली उतरतो. आधणासारखी ही घुसळण पृथ्वीवर पूर्ण थांबवणे कठीण. तिच्यामुळे तापमान हेलकावते आणि मुद्दाम मिसळलेले द्रव्य गोठताना कुठे जास्त, कुठे कमी अडकते. स्फटिक कापून, घासून आम्लाने कोरला की सूक्ष्मदर्शकाखाली या कमी-जास्तपणाचे पट्टे दिसतात.

वजनरहित अवस्थेत मात्र ही घुसळण जवळपास थांबते. १९७३-७४ मध्ये 'स्कायलॅब' या अमेरिकी अवकाशस्थानकात एमआयटीच्या विट आणि गाटोस यांच्या प्रयोगात, टेल्युरियम मिसळलेल्या इंडियम अँटिमोनाइडच्या कांड्या अर्धवट वितळवून पुन्हा गोठवल्या. एकाच कांडीत पृथ्वीवर वाढलेला भाग पट्टेरी, अवकाशात गोठलेला मात्र एकसारखा! इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. तरी कारखाने वर गेले नाहीत. खर्च कुणाला परवडणार? शिवाय चुंबकीय क्षेत्राने ही घुसळण इथेही बरीच दाबता येते.