केबल लावली, तरी ३० सेकंद नेट का नाही? समजून घ्या 'पोर्टफास्ट'

ऑफिसमध्ये कॉम्प्युटर सुरू केला, केबल नीट लावलेली आहे, तरी पहिलं अर्धं मिनिट नेट येत नाही. बिघाड समजून अनेक जण केबल काढून पुन्हा लावतात. तसं केलं की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते!

स्विच थांबतो कशासाठी?
एक केबल तुटली तर दुसरी असावी, म्हणून दोन स्विच दोन केबलने जोडतात. पण त्यातून वर्तुळ तयार होतं. सगळ्यांसाठी पाठवलेला संदेश त्यात फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढतात आणि नेटवर्क ठप्प होतं. १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी यावर 'स्पॅनिंग ट्री' हा उपाय शोधला: जादा रस्ता बंद ठेवायचा, गरज पडली तरच उघडायचा. त्यासाठी पोर्ट आधी १५ सेकंद कानोसा घेतो, पुढचे १५ सेकंद कोण कुठे आहे ते शिकतो.

ही घडी विस्कटली तर? नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचं नेटवर्क याच कारणाने कोलमडलं. चार दिवस काम कागदावर चाललं.

मग अडचण काय?
आजचे कॉम्प्युटर ३० सेकंदांच्या आत सुरू होतात. ते आयपी पत्ता मागतात, पण पोर्ट बंदच असतो. मग विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा कामचलाऊ पत्ता घेतं.

पोर्टफास्ट काय करतं?
पोर्टवर एकच कॉम्प्युटर किंवा प्रिंटर असेल, तर वर्तुळ होण्याचा प्रश्नच नसतो. पोर्टफास्ट लावलं की तो पोर्ट लगेच सुरू होतो. हे सिस्कोचं नाव. इतर कंपन्या 'एज पोर्ट' म्हणतात. २००१ च्या 'रॅपिड स्पॅनिंग ट्री'मुळे स्विच-स्विचमधली जोडणी वेगवान झाली. तरी कॉम्प्युटरच्या पोर्टवर अनेक ठिकाणी हे सेटिंग लागतंच.

धोका कुठे?
टेबलाखाली कुणी छोटा स्विच लावला आणि त्याच्या दोन केबल भिंतीतल्या दोन पोर्टमध्ये खोचल्या, की वर्तुळ तयार! म्हणून सोबत 'बीपीडीयू गार्ड' हवाच. स्पॅनिंग ट्रीचा संदेश त्या पोर्टवर आला, की तो पोर्ट बंद करतो. एका टेबलाचं नेट जातं, पण अख्खं ऑफिस वाचतं.

लक्षात ठेवा
पोर्टफास्ट फक्त कॉम्प्युटर, प्रिंटरसारख्या उपकरणांच्या पोर्टवर लावा. दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर कधीच नाही.