आजारपणानंतर पुन्हा धावताना

गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. सातव्या दिवशी ताप उतरला, पुढे प्लेटलेट्सही पूर्ववत झाल्या. अशक्तपणाने मात्र घर सोडले नाही. सेवानिवृत्तीनंतर मी रंकाळ्याच्या काठाने रोज पहाटे पाच किलोमीटर धावत असे. तो नेम मोडल्याची रुखरुख होतीच. तीन आठवड्यांनी एका पहाटे कुणालाही न सांगता बूट चढवले आणि जुन्याच वेगाने निघालो. शालिनी पॅलेसपर्यंतही पोचलो नाही. छाती धडधडू लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका अपरिचित गृहस्थांनी हात धरून बाकावर बसवले.

घरी पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, आयुष्यभर लोकांची कर्जप्रकरणे तपासलीत, स्वतःची पत कधी तपासणार?"

दीर्घकाळ पडून राहिल्याने केवळ पायांचे स्नायूच क्षीण होतात असे नाही. रक्तातील द्रवही घटतो आणि तेवढ्याच कामासाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून एक प्रयोग करण्यात आला. तेवढ्या काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा वाढत्या वयाने झालेली हानी त्या तीन आठवड्यांच्या हानीपेक्षा कमी भरली! मात्र विश्रांतीनंतरच्या पद्धतशीर व्यायामाने त्यांची क्षमता परतही आली होती. भांडवल झपाट्याने जाते, परंतु हप्त्याहप्त्याने पुन्हा उभे राहते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने मी नवी वही उघडली. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजून लिहू लागलो. ती नेहमीपेक्षा बरीच जलद असेल त्या दिवशी विश्रांती. पहिले दोन आठवडे केवळ चालणे. नंतर एक मिनिट हळू धावणे आणि चार मिनिटे चालणे. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग कमी करायचा. अंगात ताप असताना व्यायाम सर्वथा वर्ज्य, कारण विषाणूजन्य आजारात क्वचित हृदयाच्या स्नायूंनाही सूज येते. छातीत दुखले वा चक्कर आली, तर थांबून डॉक्टरांना गाठायचे.

आपल्यापैकी अनेकांकडे चौविहार पाळला जातो. सूर्यास्तापासून पाण्याचा थेंबही न घेता पहाटे धावणे सशक्त देहाला एक वेळ साधेल. आजारातून उठलेल्या देहाला ते झेपत नाही. मी नियम सोडला नाही, वेळ बदलली. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी झाली की पाणी पिऊन निघू लागलो.

आपल्या व्यापारी घरांत ताप उतरताच दुकानाचे शटर उघडण्याची घाई असते. ग्राहक आठ दिवस थांबत नाही, हे खरे. परंतु माल नसताना मोठी मागणी स्वीकारणारा व्यापारी अडचणीत येतो, तसेच शक्ती नसताना धावणाऱ्याचेही होते.

आज चार महिने झाले. मी तीन किलोमीटर धावतो. बाकावर बसवणारे ते गृहस्थ रोज भेटतात आणि विचारतात, "आज किती?"

"तीनच," मी धावता धावता सांगतो, "आणि तुमच्याशी बोलत बोलत."